अदोमाको मास्तरांचा मुख्य मुद्दा

उताऱ्यातला मुख्य मुद्दा कसा ओळखावा आणि त्याचे पूरक तपशील कसे वेगळे काढावेत, हे चौथीच्या मुलांना खरोखरच शिकवायचं असं अदोमाको मास्तरांनी मनावर घेतलं, तेव्हा आमच्या आबेकुरोम गावाला त्यात काही धोका दिसला नाही. तो धडा अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं होता. मास्तरही तो वर्षानुवर्षं शिकवत होते, म्हणजे फळ्यावर लिहून देत होते आणि मुलं उतरवून घेत होती. परीक्षेत ‘मुख्य मुद्दा लिहा’ असं आलं की मुलं सबंध उताराच्या उतारा पुन्हा लिहून काढत. मुद्दा त्यात कुठेतरी असणारच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसे.

यंदा मात्र बिनसलं. क्वाद्वो नावाच्या मुलाने आटलेल्या विहिरीवरचा उतारा इतका खणखणीत वाचला की शेजारचा वर्गसुद्धा गप्प झाला. मास्तर खूश होऊन म्हणाले, “शाब्बास! आता सांग, हे सगळं कशाबद्दल होतं?”

क्वाद्वोने पुस्तकाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. “प्लीज सर, वाचनाबद्दल.”

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. एक माणूस जीव तोडून विहिरीबद्दल काही सांगतोय, आणि आपल्याला कुणी काही सांगतंय हे या पोरांच्या गावीही नाही! “सेर्वा, ही पोरं वाचत नाहीत, नुसता आवाज काढतात,” ते बायकोला म्हणाले. सेर्वा शिवणकाम करते. तिच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे तिचं मत नेहमी थोडक्यात असतं. “मग शिकवा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं की सत्र संपायच्या आत चौथीतलं प्रत्येक पोर काहीही वाचून, काहीही ऐकून त्यातला मुख्य मुद्दा सांगेल. ही घोषणा मनातल्या मनात केली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. मुख्याध्यापिका मिसेस फोर्जूर यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मास्तर, मुलं उतरवून घेतायत, पास होतायत. चाललंय त्यात हात कशाला घालता?” पण मास्तरांचा स्वभाव असा की एखाद्या गोष्टीत हात घालू नका म्हटलं की ते बाह्या वर करतात.

जिल्ह्याच्या प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं होतं की मुख्य मुद्दा म्हणजे टेबलाची फळी आणि तपशील म्हणजे टेबलाचे पाय. मास्तरांच्या वर्गात टेबल नव्हतं. खुर्ची होती, पण तिला तीनच तपशील होते आणि ती भिंतीला टेकून उभी असे. म्हणून मिसेस फोर्जूर जिल्हा कार्यालयात गेल्या असताना मास्तरांनी त्यांचं टेबल वर्गात आणलं. त्यावरचे हजेरीपट आणि बाईंचा जेवणाचा डबा त्यांनी तसाच राहू दिला. मुद्द्यावर भार असला पाहिजे, हे दाखवायला तो उपयोगी होता.

“यातला एक तपशील काढला तर काय होईल?”

“पडेल, सर!”

तास इथेच संपवायला हवा होता. पण मास्तर कच्चं काम करणारे नव्हेत. त्यांनी तपशील किंचित हलवून दाखवला. टेबल पडलं. शाळेची निम्मी हजेरी बकऱ्याच्या रश्शात भिजली. मुलांना धडा कळला नाही, पण इतका आवडला की ती पुन्हा करा, पुन्हा करा म्हणून ओरडू लागली. मोडलेल्या सरकारी सामानाचा अर्ज तीन प्रतींत भरावा लागला. ‘मोडण्याचे कारण’ या रकान्यात मास्तरांनी ‘मुख्य मुद्दा’ असं लिहिलं, आणि तिन्ही प्रती परत आल्या.

मास्तर राहतात ते एका अंगणाभोवती बऱ्याच बिऱ्हाडांचं घर आहे. तिथे एकाचं दुःख सगळ्यांना नळासारखं सामायिक असतं. संध्याकाळी कोनादू मावशी मास्तरांची समजूत घालायला आल्या. त्या बाजारात मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांची, म्हणजे केंकेची गाडी चालवतात आणि सल्ला फुकट देतात.

“मास्तर, टेबल काय शिकवता पोरांना? टेबल कुणी खातं का? फुफूचं सांगा. कंद उकडून कांडलेला फुफूचा गोळा म्हणजे मुख्य मुद्दा. रस्सा, मटण, भेंडी हे सगळं त्याच्या आधाराला.”

“काय बोलतेस!” येबोआ मामा कोपऱ्यातून गरजले. मामांनी हयातभर मालवाहू लॉरी चालवली, त्यामुळे ते अजूनही इंजिनाच्या वर आवाज काढून बोलतात. “मुख्य मुद्दा रस्सा! रस्सा नसेल तर फुफू घशाखाली उतरेल का? लॉरीत माल महत्त्वाचा की डिझेल?”

“माल!”

“डिझेल!”

अंगणात दोन तट पडले. सेर्वाने टाचण्या न काढता रश्शाच्या बाजूने मान हलवली. मास्तर म्हणाले, “अहो, मला फक्त उदाहरण हवंय.” पण उदाहरण आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. कोनादू मावशींनी दुसऱ्या दिवशी मामांना केंके उधार द्यायचं नाकारलं आणि मामांनी ते हुकूमशाहीचं लक्षण ठरवलं.

मास्तरांनी वर्गात फुफूचं उदाहरण दिलं. “तर यातला मुख्य मुद्दा कोणता?”

“मटण!” वर्ग एका आवाजात म्हणाला.

“मटण हा तपशील आहे.”

“प्लीज सर,” दुफी उभी राहिली. ही एक किडकिडीत मुलगी. गणवेशाची कॉलर कायम एका बाजूला वळलेली, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणी न हलवता ऐकायची सवय. “मटण नसलं की आई म्हणते, आज काही जेवण नाही. म्हणजे बाकी सगळं असून ते जेवण धरत नाहीत.”

मास्तरांनी फुफूचा तास तिथेच संपवला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, “काय मास्तर, आज काय शिजवताय?” आणि सगळे हसले. मास्तरांनी तेवढ्यासाठी चार दिवस त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. उन्हात, झाडाखाली, अंग ताठ ठेवून उभ्यानेच चहा घेतला.

तोड सापडली ती अचानक. येबोआ मामांकडे दूरच्या गावाहून एक नातेवाईक आले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी खुर्ची द्यायची, मग पाणी. ते पिऊन झालं की घरातल्या जाणत्या माणसाने म्हणायचं, “इथे सगळं शांत आहे. येणं काय निमित्ताने?” मग पाहुणा कोंबडा आरवल्यापासून सुरुवात करतो. मामांच्या पाहुण्यांनी लॉरीचं टायर फुटल्याचं सांगितलं, चुलतभावाचा खोकला सांगितला, वाटेत भेटलेला एक ओळखीचा माणूस सांगितला, आणि सूर्य मावळता मावळता म्हणाले, “तर शनिवारी नातवाचं बारसं आहे.”

अंगणात जेवत बसलेले मास्तर ताडकन उभे राहिले. “सापडला!”

पाहुणे दचकले. “नातू हरवला नव्हता हो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी ती तीन पायांची खुर्ची पुढे ओढली, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, “समजा, उतारा हा पाहुणा आहे. तो आलाय, बसलाय, पाणी प्यायलाय. आता त्याला काय विचारायचं?”

“येणं काय निमित्ताने?” सगळा वर्ग म्हणाला. हे त्यांना शिकवावं लागलंच नाही. ते त्यांनी चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेलं होतं.

क्वाद्वोने तोच आटलेल्या विहिरीचा उतारा पुन्हा वाचला. मध्येच त्याचा आवाज बारीक झाला. वाचून झाल्यावर तो खुर्चीकडे बघत म्हणाला, “प्लीज सर... त्यांच्याकडचं पाणी संपलंय. ते मदत मागायला आलेत.” आणि त्याने समोरचा पेला खुर्चीच्या आणखी जवळ सरकवला.

अदोमाको मास्तरांनी फळ्याकडे तोंड फिरवून उगाचच डस्टर मारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असा आनंद कधी झाला नव्हता.

आनंदाच्या भरात माणूस गृहपाठ देतो. ‘घरात मोठी माणसं जे बोलतात, त्यातला मुख्य मुद्दा शोधून आणा,’ असं मास्तरांनी सांगितलं. सोमवारी मुलांनी आणलेले मुद्दे असे होते: पाळकांच्या रविवारच्या प्रवचनाचा मुख्य मुद्दा, दानाची थाळी आज दोनदा फिरणार. बाबांना उशीर का झाला याचा मुख्य मुद्दा, ताडी. आत्याने आईच्या नव्या पोशाखाची अर्धा तास स्तुती केली त्याचा मुख्य मुद्दा, तो तिला हवाय. शेवटी शेवटी ही मुलं मुद्दे वहीत लिहून न ठेवता जागच्या जागी सांगू लागली. पाळकांनी मास्तरांना रस्त्यात अडवून विचारलं, “तुम्ही नेमका कुठला विषय शिकवता?” मास्तर ताठ मानेने म्हणाले, “वाचन.”

इथवर सगळं घरगुती होतं. घात झाला तो सणाच्या रविवारी.

आमच्याकडे गावच्या राजांशी, म्हणजे नानांशी कुणी थेट बोलत नाही आणि नानाही कुणाशी थेट बोलत नाहीत. मध्ये ओचामे असतो. तुम्ही ओचामेला सांगायचं, तो नानांना सांगणार. नाना त्याच्या कानात पुटपुटणार, तो गावाला सांगणार. ओचामेने बोलण्यावर हवे तेवढे दागिने चढवावेत, पण अर्थ बदलायचा नाही. अर्थ बदलला की हातातली सोनेरी काठी गेलीच म्हणून समजा. आमचे ओचामे बोआदी हे काम तरुणपणापासून करत आले. नानांचे दोन शब्द घेऊन ते पृथ्वीच्या जन्मापासून निघतात, आणि परत यायची त्यांना घाई नसते. त्यांचं भाषण ऐकून लोक तृप्त होऊन घरी जातात. नाना काय म्हणाले, हे मात्र कुणाला सांगता येत नाही.

त्या रविवारी चौथीचा वर्ग गणवेशात पुढच्या रांगेत बसला होता. नाना ओचामेंच्या कानात पुटपुटले. ओचामेंनी काठी टेकवली आणि पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात केली. समोर पाहतात तो चाळीसेक पोरं पापणी न हलवता, मान पुढे काढून ऐकतायत! असे श्रोते त्यांना जन्मात मिळाले नव्हते. ओचामेंना भरून आलं. ते पूर्वजांनी मंगळवारी वसवलेल्या बाजाराकडे वळले, नद्यांकडे वळले, पाणी कसं वाहतं आणि कशाने अडतं इकडे आले, हातांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या गावांची नावं घेऊ लागले, आणि तेवढ्यात दुफीचा हात वर गेला.

“प्लीज, ओचामे आजोबा! मंगळवारी श्रमदान! बाजाराची गटार!”

“बाजाराची गटार!” सगळा वर्ग उठून ओरडला.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अच्छा, गटार होय,” आणि खुर्च्या उचलल्याचा आवाज सुरू झाला. ओचामे काठी उंचावून नदीच्या मध्यावर उभे होते, आणि गाव घरी निघालं होतं.

त्याहून वाईट म्हणजे मंगळवारी अख्खं गाव फावडी घेऊन बाजारात हजर झालं. एवढी माणसं श्रमदानाला आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुपारपर्यंत गटार वाहायला लागली. ओचामे बोआदी तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

शुक्रवारी मिसेस फोर्जूर यांनी मास्तरांना बोलावलं. टेबलाचा चौथा पाय अजून आला नव्हता, तिथे विटा रचल्या होत्या. ओचामेंच्या तक्रारीवरून पर्यवेक्षक ओपारे साहेबांचं पत्र आलं होतं. चौथीच्या शिक्षकाने राजवाड्याचा अपमान केला आहे. त्याने नानांपुढे माफी मागावी आणि तो धडा बंद करावा. नाहीतर त्याची बदली नदीपलीकडच्या शाळेत होईल आणि चौथीचा वर्ग पूर्वीच्या पद्धतीने चालेल.

“पूर्वीच्या म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“फळ्यावरून उतरवून घ्यायचं,” बाई म्हणाल्या. “मास्तर, ऐका माझं. दोन शब्दांचा प्रश्न आहे. नदीपलीकडे नाव आहे, पण नावाडी नाही.”

मास्तरांना नदीचं काही वाटलं नाही. त्यांना क्वाद्वो आठवला. खणखणीत आवाजात, कशातलंच काही न कळता वाचणारा. वर्ग गेला तर तो पुन्हा तसाच वाचायला लागणार. “मी माफी मागणार नाही,” ते म्हणाले. “आणि धडाही बंद करणार नाही.”

अंगणात सगळे पुन्हा जमले. फुफू आणि रश्शाचे तट या प्रसंगी एक झाले. “एक मेंढा न्या,” कोनादू मावशी म्हणाल्या. “नुसत्या जीनच्या बाटलीवर भागेल, पण चांगली न्या,” मामा म्हणाले. “आणि गेल्या गेल्या रडा. माझ्या लॉरीने नानांच्या वडिलांची बकरी मारली होती, तेव्हा मी असा रडलो की त्यांनी मलाच जेवू घातलं.”

“मी का रडू? गटार वाहतेय की नाही?”

“अहो, गटारीचं कोण बोलतंय? इथे ओचामेंचं मन तुंबलंय!”

सगळे गेल्यावर मास्तरांनी बायकोला विचारलं, “मागू का माफी?” सेर्वाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. हे ती फार क्वचित करते.

“चुकलात का?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली, आणि टाचण्या परत तोंडात घेतल्या.

माफी मागणार नाही, हे नानांपुढेच जाऊन सांगायचं मास्तरांनी ठरवलं. राजवाड्यात शर्ट-पँट चालत नाही. खांद्यावरून गुंडाळायचं मोठं वस्त्र लागतं, आणि नानांपुढे ते खांद्यावरून खाली घ्यावं लागतं. मास्तरांनी ते येबोआ मामांकडून उसनं घेतलं. मामा रुंदीला दोन मास्तरांएवढे आहेत. अंगणात तालीम केली तेव्हा ते ठीक बसलं होतं. नानांच्या मोठ्या छत्रीसमोर, अख्ख्या गावादेखत, चपला काढून खांदा उघडा केल्यावर मात्र ते सावकाश खाली यायला लागलं.

आणि तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की आपलं बोलणं नानांपर्यंत पोचवणार कोण? ओचामे बोआदी. ज्यांनी तक्रार केली तेच!

ओचामेंनी काठी टेकवली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. “इथे सगळं शांत आहे. येणं काय निमित्ताने?”

“मी माफी मागायला आलेलो नाही,” मास्तर खणखणीत म्हणाले. “मी शिकवतो ते बरोबर आहे, आणि मी उद्याही तेच शिकवणार.”

नाना हाताच्या अंतरावर बसले होते, त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता. पण रिवाजाने त्यांनी अजून काहीच ऐकलेलं नव्हतं. ते शांतपणे ओचामेंकडे बघत राहिले. ओचामेंनी घसा साफ केला.

“नाना, मास्तर म्हणतात, या अंगणात पाऊल टाकलं आणि माझे गुडघे माझे राहिले नाहीत. ते म्हणतात, इथे मोठमोठी माणसं चपला काढून क्षमा मागून गेली, त्यांच्या पावलांच्या खुणांवर मी कुठे पाय ठेवू? ते म्हणतात, ज्याच्या आजोबांना नानांच्या आजोबांनी घर बांधायला जागा दिली, त्याने मान वर करून काय बोलावं? ते म्हणतात, कोंबड्याला कुणी सांगत नाही, तरी तो पहाटे आरवतो, आणि उद्याही आरवणार. मलाही नानांच्या गावच्या पोरांसाठी उठायचंय, फळ्यासमोर उभं राहायचंय, काल केलं ते आज आणि आज केलं ते उद्या करायचंय. ते म्हणतात, नाना, तुमच्या छत्रीची सावली एवढी मोठी, तिच्यात एका खडूला जागा नसेल का?”

बायका डोळे पुसू लागल्या. नेमकं त्याच वेळी मामांचं वस्त्र कमरेखाली निघालं. ते धरायला मास्तर झटकन खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले.

“बघा, बघा, किती नम्र!” कोनादू मावशी हुंदका देऊन म्हणाल्या.

“मी असं म्हटलंच नाही!” मास्तर खालूनच ओरडले.

ओचामे नानांकडे वळले. “मास्तर म्हणतात, मनात आहे ते सगळं माझ्या जिभेला म्हणताच आलं नाही.”

नानांनी मान हलवली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते मास्तरांना वाकलेल्या स्थितीत नीट दिसलं नाही. जीन जमिनीवर ओतली गेली. प्रकरण मिटलं. एकदा जीन ओतली की ते उकरून काढता येत नाही. मास्तर एका हाताने वस्त्र धरून, दुसऱ्या हाताने अभिनंदनं झटकत घरी आले.

इथून त्यांचे खरे हाल सुरू झाले. गावात उंच खांबावर एक कर्णा आहे. त्यावरून पहाटे मयताच्या बातम्या आणि जंतांच्या औषधाची जाहिरात होते. कर्णेवाल्याने ओचामेंचं भाषण मोबाइलवर टिपून घेतलं होतं, आणि ते इतकं सुंदर वाटलं की तो ते रोज मयत आणि जंत यांच्या मधे वाजवू लागला. मास्तर पहाटे डोळे उघडत ते ‘माझे गुडघे माझे राहिले नाहीत’ ऐकत. रस्त्यात लोक हात हातात घेत. पाळक म्हणाले, “खरा मोठेपणा!” मास्तर ओरडून सांगत, “अहो, मी माफी मागितली नाही!” आणि लोक म्हणत, “बघा, बोलून दाखवायचीही हौस नाही!”

मास्तर पुरते पेटले. आठवड्यानंतर सोमवारी पर्यवेक्षक ओपारे साहेब मोटरसायकलवरून वर्गात आले, तेव्हा मास्तरांनी ठरवूनच ठेवलं होतं. गेली नोकरी तर गेली. साहेबांचं हेल्मेट निघायच्या आत ते म्हणाले, “साहेब, मी माफी मागितलेली नाही.”

साहेबांनी हात वर केला. “तुम्ही थांबा, मास्तर. स्वतःबद्दल कुणी सरळ बोलत नाही. मी मुलांनाच विचारतो.” ते वर्गाकडे वळले. “मुलांनो, तुमचे मास्तर राजवाड्यात काय म्हणाले? सगळं सांगा हं, काही गाळायचं नाही.”

मास्तरांनी डोळे मिटले. दुफी उठली. तिने कॉलर सरळ केली, फूटपट्टी काठीसारखी जमिनीवर टेकवली, घसा साफ केला, आणि थेट ओचामेंच्या चालीत सुरुवात केली. गुडघे आले, मोठमोठी माणसं आली, आजोबा आले. कोंबडा आरवला. कर्ण्यावर नसलेलंही बरंच काही आलं. मामांचं वस्त्र, कोनादू मावशींचा हुंदका, वाटेतली चिखलाची डबकी. साहेबांनी रुमालाने मान पुसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. खडूला सावलीत जागा मागून झाली आणि दुफी पुन्हा आजोबांकडे वळणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, “पुरे, पुरे, बाळ. फार सुंदर.” फायलीवर त्यांनी ‘माफी मागितली. बदली रद्द’ असं लिहून सही केली आणि जाता जाता मास्तरांच्या खांद्यावर थोपटलं. मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागला.

मास्तर वर्गासमोर उभे होते. त्यांना रडू येत होतं, आणि चौथीसमोर रडायचं नव्हतं.

“तुम्हालासुद्धा वाटतं?” ते म्हणाले. “तुम्हालासुद्धा वाटतं, की मी माफी मागितली?”

“नाही, सर!” सगळा वर्ग म्हणाला.

“मग मी काय म्हणालो?”

मागच्या बाकावरून क्वाद्वो उभा राहिला. “प्लीज सर, तुम्ही म्हणालात, मी उद्याही हेच शिकवणार. तो मुख्य मुद्दा. बाकीचे सगळे तपशील.”

“क्षमा हा शब्द आहे की त्यात.”

“प्लीज सर, ती दुसऱ्या माणसांनी मागितलेली.”

मास्तरांनी भाषण मनातल्या मनात पहिल्यापासून तपासलं. आठवडाभर रोज पहाटे ऐकून ते त्यांना पाठ झालं होतं. गुडघे, पावलं, आजोबा, कोंबडा, खडू. माफी कुठेच नव्हती. ओचामे बोआदींनी एवढे दागिने घातले होते, पण अर्थ जागचा हलवला नव्हता. आणि आपण, मुख्य मुद्दा शिकवणारे अदोमाको मास्तर, आठवडाभर तपशिलांवर चिडत बसलो होतो! त्यांना ओचामेंचा राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा थोडा राग आला.

“अगं, मग साहेबांना का नाही सांगितलंस?”

“प्लीज सर,” दुफी फूटपट्टी दप्तरात ठेवत म्हणाली, “त्यांनी मुख्य मुद्दा विचारलाच नाही. ते म्हणाले, सगळं सांगा.”

मास्तरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि डस्टर मारलं. फळा कोराच होता. मग त्यांनी भिंतीला टेकलेली तीन तपशिलांची खुर्ची पुढे ओढली, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, आणि पुस्तकातला पुढचा उतारा काढायला सांगितला.